मालकांना थंडी वाजतेय का?

ऑर्यान एकेनस्टामने कागदी टोपी डोक्यावर ठेवली ती एखाद्याने सत्काराची पगडी स्वीकारावी अशा थाटात. ऑगस्टातल्या शेवंडांच्या जेवणाला ग्रोशेर बेटावर सगळेच त्या रंगीत, निमुळत्या टोप्या घालतात, गळ्यात लाळेरी बांधतात आणि दुपारभर माकडं होतात. त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. ऑर्यानला मात्र शहात्तराव्या वर्षीही फोटो कुठल्या बाजूने निघतोय याचं भान सुटत नसे. फोटो कुणी काढत नव्हतं, तो भाग वेगळा.

मायवोरने आपली टोपी ताटाखाली सरकवून दिली. या माणसाशी घटस्फोट घेतल्याला तिला त्रेचाळीस वर्षं झाली होती. पण बेट अवघं तीन किलोमीटरचं, नातेवाईक तेच आणि शेवंडंही तीच. तो स्टॉकहोमहून उगवला की वर्षातून एकदा त्याच्या समोर बसणं आलंच.

यंदा आपल्याला नुसतं जेवायला बोलावलेलं नाही, हे तिला दारातच कळलं होतं. ऑर्यानच्या धाकट्या बहिणीने, गुनिल्लाने, काचेच्या व्हरांड्यातली खिडकीकडची खुर्ची तिला दिली होती आणि वर उशी. गुनिल्ला उशी देते तेव्हा तिला काहीतरी काढून घ्यायचं असतं. बापाचा मासळी डबाबंद करायचा कारखाना विकायचा ठरला, त्या दिवशीही तिने सगळ्यांना उशा दिल्या होत्या.

टेबलावर शेपू घालून उकडलेल्या शेवंडांची परात होती, जुनं चीज भरून भाजलेली जाड पोळी होती, राय धान्याचा कडकडीत पाव होता. परातीशेजारी पारदर्शक पिशवीत एक कागद होता. शेवंडांचं पाणी उडू नये म्हणून केलेली काळजी, म्हणजे ती मुलीनेच केलेली असणार.

"आई, खाण्याआधी उरकून टाकू या," ओसा म्हणाली. सत्तेचाळीस वर्षांची ही मुलगी सगळं खाण्याआधी उरकून टाकणारी. "एकच सही आहे. पप्पांचा चित्रपट त्या संग्रहालयवाल्यांनी पुरता धुऊन काढलाय. ओरखडे गेले, रंग परत आले. नोव्हेंबरात स्टॉकहोमला मोठ्या पडद्यावर दाखवणार आहेत. फक्त ते एक वाक्य बदलायचं म्हणतात."

"ते म्हणतात की हा म्हणतो?"

"मी म्हणतो," ऑर्यान म्हणाला. "लपवायचं काय त्यात."

"मग म्हणत राहा."

कुठलं वाक्य, हे विचारायची गरज नव्हती. त्या घरात 'ते वाक्य' म्हटलं की एकच.

चित्रपटाचं नाव होतं 'बिनघड्याळाचा उन्हाळा'. हा उन्हाळा सत्तर सालच्या ऑक्टोबरात चित्रित झाला, यातच काय ते आलं. स्टॉकहोमला जाऊन केस वाढवून आलेला सत्तावीस वर्षांचा ऑर्यान, सोबत पाच-सहा माणसं, एक भाड्याची शेळी आणि हिरोईन म्हणून कारखान्यात डबे भरणारी एकोणीस वर्षांची मायवोर. गोष्ट अशी, की श्रीमंत घरची एक मुलगी घरदार सोडून शेळीसह बेटावर येते. तिथे फौजेतून पळालेला एक दाढीवाला बासरी वाजवत बसलेला असतो. दोघं समुद्रात डुंबतात, खडकावर पडून मालमत्ता वाईट म्हणतात, मत्सरही वाईट म्हणतात आणि मग एकमेकांचा मत्सर करतात. शेवटी तो सबळ कारण नसताना समुद्रात चालत जातो आणि शेळी उरते. पानांना झाडांवर दोऱ्याने बांधलं होतं. बोलताना तोंडातून वाफ दिसू नये म्हणून प्रत्येक खेपेआधी दोघांना बर्फ चोखायला लावत. शेळीचं काम सहज झालंय, असं एका समीक्षकाने लिहिलं, आणि त्याला कुणी खोडून काढलं नाही.

या सगळ्याच्या मधोमध ते दृश्य. पहाटेचा खडक, घोंगडीत गुरफटलेली मुलगी, पाठमोरा दाढीवाला. रात्र त्यांनी एकत्र काढलेली आहे. तिने त्याच्याकडे पाहून विचारायचं, तुला थंडी वाजतेय का? आणि पडद्यावर, डोळ्यांत पाणी आणून, ती मुक्त, बंडखोर मुलगी म्हणते:

"मालकांना थंडी वाजतेय का?"

कारखान्यात मालकांशी बोलायची तशीच रीत होती. समोर उभे असले तरी मालकांना कॉफी हवी का, मालक आज लवकर आले का. तू नाही की तुम्ही नाही, हुद्दाच घ्यायचा. तिकडे राजधानीत दोन-तीन वर्षांत सगळे एकमेकांना अरेतुरे करू लागले होते. ती बातमी ग्रोशेरच्या धक्क्याला लागायची होती. पहिल्या खेळाला थिएटर हसून हसून कोसळलं. बाईने प्रियकराला मालक म्हटलं म्हणून बायकांच्या मंडळांनी निषेधाची पत्रकं काढली. विद्यार्थ्यांनी ते वाक्य छापलेले बिल्ले छातीला लावले. चित्रपट दोन आठवड्यांत उतरला, वाक्य मात्र पन्नास वर्षं चाललं.

ऑर्यानने पहिली दोन वर्षं सांगितलं, की तो उपरोध आहे, वर्गव्यवस्थेवरचा. उपरोध कुणाला पटेना, तेव्हा त्याने सूर बदलला. "जीभ घसरली तिची. कारखान्यातली पोरगी, तिला काय दोष द्यायचा?" असं तो जेवणावळीत म्हणे आणि शेजारी बसलेल्या बायकोच्या खांद्यावर उदार हात ठेवी. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण मायवोरने त्या काळात बरेचदा मनात म्हटली. पुढे ती अंगणातून उठून गेली.

"तुझा आवाज जाणार नाहीये," ऑर्यान आता समजावणीच्या सुरात म्हणाला. "तूवाच्या आवाजात घेतलंय ते वाक्य. तुझीच नात. तोच आवाज, दोन पिढ्यांनंतरचा. मला तर त्यात काव्य वाटतं."

"तुला बोटीच्या वेळापत्रकातसुद्धा काव्य वाटतं. घेतलंय म्हणजे? झालंसुद्धा?"

तूवा एकवीस वर्षांची होती आणि तिला खोटं बोलता येत नसे, त्यामुळे ती या कुटुंबात परकी वाटायची. ती लाळेऱ्याची गाठ सोडत म्हणाली, "आजी, आजोबा म्हणाले की तुला माहीत आहे."

"आजोबा म्हणाले," मायवोर म्हणाली. "बरं."

"ऐक ना," ऑर्यानने टोपी काढली. टोपी काढल्यावर तो एकदम म्हातारा दिसला. "मी त्या दृश्यासाठी अजून थिएटरात मागे उभा राहतो. सगळे गप्प असतात, आणि ते वाक्य आलं की हसतात. प्रत्येक वेळी. मरायच्या आधी मला एकदा, एकदाच, ते हसू ऐकू न येता ते दृश्य बघायचंय."

हे मात्र तो खरं बोलत होता. मायवोरला ते कळलं आणि त्याचा तिला रागही आला, कारण खरं बोलणारा ऑर्यान तिला झेपत नसे. ती म्हणाली, "नाही. सही करणार नाही."

"का पण?" ओसाने विचारलं.

"नाही म्हणून."

"आई, पन्नास वर्षं लोक तुला हसतायत, पप्पांना नाही. शाळेत मला मालकीणबाई म्हणायचे. ते पुसलं जातंय तर तुलाच आधी हवंसं वाटायला पाहिजे."

"हट्ट गं, दुसरं काय," गुनिल्ला शेवंडाची नांगी मोडत म्हणाली. "आमच्या घरात आली तेव्हापासून तेच. देतोय ते घ्यायचं नाही आणि का घेत नाही ते सांगायचं नाही."

तिघं एका बाजूला झाले होते. कारखाना विकताना ओसा आणि मायवोर एका बाजूला होत्या, गुनिल्लाच्या घटस्फोटात गुनिल्ला आणि मायवोर. आज तिच्या वाट्याला कुणी आलं नव्हतं. तूवा होती, पण ती खाली मान घालून पावाचा चुरा करत होती. कारण सांगितलं असतं तर प्रश्न मिटला असता, आणि तेच तिला सांगता येत नव्हतं. एका माणसाला तिने शब्द दिला होता. तो माणूस मरून अठ्ठेचाळीस वर्षं झाली होती, पण मेलेल्या माणसाला दिलेला शब्द परत कुणाकडे मागायचा, हे तिला अजून उमगलं नव्हतं.

गुनिल्लाने वातावरण हलकं करायला पेले भरले. शेवंडांबरोबरची कडक दारू गाणं म्हटल्याशिवाय कुणी ओठाला लावत नाही, आणि एकेनस्टामांचं गाणं ठरलेलं. ते गुनिल्लानेच रचलं होतं, बहात्तर साली, आणि दर ऑगस्टात ते मायवोरच्या तोंडावर गायलं जाई:

"मालकांना थंडी वाजतेय का?
घोट घ्या, मग सांगा ना!
अंगावर कोट नसला तरी
पोटात शेकोटी मांडा ना!"

सगळ्यांनी सवयीने सूर धरला. तूवासुद्धा दोन ओळी गाऊन गेली आणि मग थांबली. सत्तेचाळीस ऑगस्टांमध्ये मायवोरने हे गाणं हसून ऐकलं होतं, पेला उंचावला होता, एकदा तर टेबलावर ठेकाही धरला होता. आज तिने पेल्यावर तळहात पालथा ठेवला.

"मला नको."

गाणं तिसऱ्या ओळीतच मोडलं. पेले हवेत राहिले. गाणं पुरं झालं नाही तर प्यायचं की नाही, याचा नियम कुणाला माहीत नव्हता, म्हणून सगळ्यांनी ते तसेच खाली ठेवले.

"चूक तुझी नाही, हे मी कायम सांगत आलोय," ऑर्यान म्हणाला. आता त्याचा व्याख्यानाचा आवाज लागला होता. "चूक पप्पांची. त्यांनी ह्या बेटावरच्या प्रत्येक पोरीच्या जिभेवर मालक बसवून ठेवला होता. तू नागडी खडकावर बसलीस तरी तो उतरला नाही. मी नोव्हेंबरात तेच बोलणार आहे, चित्रपटाआधी. की स्वतःचा मुलगा घराच्या हाकेवर एक कलाकृती करतोय आणि हा माणूस सहा आठवड्यांत एकदाही तिकडे फिरकला नाही. दारं बंद करून घेतली."

"बंद नव्हती केली," गुनिल्ला म्हणाली. "तू घरी येतच नव्हतास. तंबूत झोपायचास."

"भावार्थ घे गं."

"आणि घोंगड्या आपल्याच घरच्या होत्या."

"गुनिल्ला, भावार्थ."

मायवोरच्या मानेवर लाली चढत गेली, ती ओसाने पाहिली आणि घाईघाईने लॅपटॉप पुढे ओढला. "आपण आधी बघू या तरी. नवं कसं दिसतं ते. आई, नुसतं बघ."

पडद्यावर खडक आला. खरंच, धुऊन काढला होता. मायवोरने स्वतःला इतकं स्वच्छ कधी पाहिलं नव्हतं. एकोणीस वर्षांची ती, नाकाचा शेंडा लाल, ओठ बर्फाने फिके पडलेले. पाठमोरा दाढीवाला. त्याच्या खांद्यावरून तिची नजर कुठेतरी पलीकडे गेलेली. आणि तिच्या गालांवर, कपाळावर, डोळ्यांत तो उजेड, जो सारखा बारीक थरथरत होता. मग ओठ हलले आणि तूवाच्या आवाजात, स्टुडिओतल्या उबदार आवाजात, शब्द आले: "तुला थंडी वाजतेय का?"

कुणी हसलं नाही. ऑर्यानने डोळे मिटले होते.

वाक्य साधं होतं, बरोबर होतं आणि दहा हजार चित्रपटांत असतं तसं होतं.

"तो उजेड असा का हलतो?" तूवाने विचारलं. "जुन्या प्रतीत एवढं दिसत नव्हतं."

याच प्रश्नाची ऑर्यान पन्नास वर्षं वाट पाहत असे आणि तो त्याला मिळतही असे. कारण चित्रपटाला नावं ठेवणाऱ्यांनीसुद्धा एवढी एक गोष्ट वाखाणली होती. तो थरथरता उजेड. यॉतेबोर्गच्या एका प्राध्यापकाने त्यावर अख्खं प्रकरण लिहिलं होतं. चित्रपट शिकणाऱ्या मुलांना तो उजेड दाखवून शिकवत असत. कसा साधला, असं कुणी विचारलं की ऑर्यान हसून म्हणे, काही गोष्टी विचारू नयेत. आजही तो तसाच हसला.

"तो बाहेरचा उजेड नाहीच बाळा. तिच्या आतला कंप आहे तो. मला तो पकडायचा होता, आणि पकडला. आयुष्यात एकदाच असं होतं."

"तो कंप हातांतला आहे," मायवोर म्हणाली.

"काय?"

"आतला-बितला काही नाही. हात कापत होते. तोंडावर उजेड पाडायला पत्रा धरणाऱ्याचे."

"पत्रा धरायला पोरं होती. त्यांचे हात कशाला कापतील?"

"पोरं तीनच्या कॉफीला गेली होती. युनियनचा नियम, वीस मिनिटं. तूच मागाहून शिव्या घातल्यास त्यांना." तिने पेल्यावरचा हात काढला आणि मांडीवर ठेवला. शब्द मोडायचा तर नीट, सरळ बसून मोडावा असं तिला वाटलं. "ऑर्यान, तो तुझा बाप होता."

गुनिल्लाने नांगी खाली ठेवली.

"पडद्यावरची ती पहाट आपण दुपारीच घेत होतो, सूर्य उतरत होता," मायवोर म्हणाली. "तू कॅमेऱ्याला डोळा लावून ओरडलास, पत्रा धरा कुणीतरी, सूर्य चाललाय. कारखान्यातला डब्यांचा पत्रा, न विचारता उचलून आणलेला. तो समुद्राच्या बाजूने, खालून धरायचा होता, म्हणजे पाण्यात उतरून. तुझी पाठ समुद्राकडे, त्या दाढीवाल्याची पाठ समुद्राकडे, आणि तो आवाज टिपणारा कानाला यंत्र लावून डोळे मिटून बसायचा. समुद्राकडे तोंड असलेली मी एकटी. मालक मासे वाळवायच्या मांडवामागून आले. ते रोजच यायचे तिथे, सहा आठवडे. तुला दिसायचे नाहीत, कारण तुला काहीच दिसायचं नाही. त्यांनी हॅट काढून खडकावर ठेवली आणि बूट, जाकीट, सगळ्यासकट कमरेपर्यंत पाण्यात गेले. पत्रा उचलून धरला. ऑक्टोबरचा तिसरा आठवडा होता आणि पासष्ट वर्षांचा माणूस."

"नाही," ऑर्यान म्हणाला.

"मग माझी ओळ आली. थंडी वाजतेय का, असं त्या दाढीवाल्याला कशी विचारणार मी? त्याच्या अंगावर दोन घोंगड्या होत्या आणि पोटात कढत सूप. थंडी कुणाला वाजतेय ते मला समोर दिसत होतं. ओठ निळे पडले होते त्यांचे. मी त्यांनाच विचारलं. कारखान्यात ज्या शब्दांत विचारलं असतं त्याच शब्दांत. जीभ नव्हती घसरली माझी."

लॅपटॉपवर ती मुलगी तशीच थांबून होती, ओठ अर्धवट उघडे.

"हे तू आत्ता रचलंस," ऑर्यान म्हणाला. "पन्नास वर्षं तोंडाला कुलूप, आणि आज मी काहीतरी मागतोय तर हे निघालं. आयुष्यभर मला खाली ओढलंस, आता मेलेल्या माणसाला मदतीला घेतेस."

चोराच्या उलट्या बोंबा, असं मायवोरच्या ओठांवर आलं होतं. पण तिच्याआधी गुनिल्ला बोलली. तिचा आवाज नेहमीसारखा वरच्या पट्टीत नव्हता.

"पँट चुलीवर वाळत होती. काळी, कामावरची. आणि बूट भट्टीत ठेवले होते, वास सुटला होता घरभर. मी चोवीस वर्षांची होते, मला सगळं स्पष्ट आठवतंय. म्हणाले, धक्क्यावरून घसरलो. मी म्हटलं, पप्पा, म्हातारे झालात तुम्ही, आता काठी घ्या. हसले. म्हणाले, घेतो. त्यानंतर त्यांचा खोकला गेलाच नाही. जानेवारीत वारले."

"खोकला त्यांना आधीपासून होता," ऑर्यान म्हणाला.

"होता. मी कुठे काय म्हणतेय."

आणि मग, जणू आत्ताच लक्षात आलं अशी, गुनिल्ला मायवोरकडे वळली. "आणि मी त्यावर गाणं केलं. दरवर्षी म्हणायला लावलं. तू काही बोलली का नाहीस गं? एकदा तरी?"

"गाणं वाईट नव्हतं," मायवोर म्हणाली. "वर्षातून एकदा सगळी त्यांना थंडी वाजतेय का म्हणून विचारत होतात. मला बरं वाटायचं. आज नाही वाटलं, कारण आज हा ते पुसायला निघालाय आणि वर नोव्हेंबरात सांगणार आहे की ते फिरकलेच नाहीत."

"पण का नाही सांगितलंस?" ऑर्यान टेबलावर वाकला. "मला. तेव्हा नाही तर नंतर. पुढे आपलं लग्न झालं होतं, मायवोर."

"त्यांनी नको म्हटलं होतं. दुसऱ्या दिवशी कारखान्यात मला ऑफिसात बोलावलं. मला वाटलं, नोकरी गेली. म्हणाले, कालचं कुणाला बोलू नकोस. तू त्या स्टॉकहोमच्या मंडळींना सांगून ठेवलं होतंस ना, बापाने घराबाहेर काढलं, अंगावर कुत्रा सोडला म्हणून."

"कुत्रा?" तूवाने विचारलं.

"आमच्याकडे मांजर होतं," गुनिल्ला म्हणाली.

"ते म्हणाले, हे लोकांना कळलं तर पोरगा त्यांच्यापुढे खोटा पडेल. नवीन माणसं आहेत, त्यांच्यात त्याचा मान राहिला पाहिजे. एवढंच बोलले आणि मला कॉफी घेणार का विचारलं. उभ्या आयुष्यात मालकांनी कारखान्यातल्या मुलीला विचारलेली ती एकच कॉफी असेल. मी घेतली, आणि शब्द दिला."

ओसाने पिशवीतला कागद काढला, उभा दुमडला, आडवा दुमडला आणि आपल्या ताटाखाली ठेवला. उरकून टाकायच्या गोष्टींतली एक कमी झाल्यासारखी ती दिसत नव्हती. पहिल्यांदाच ती आईकडे बघत होती, कामाच्या यादीकडे नाही. तूवाने लॅपटॉप स्वतःकडे ओढून दोन-तीन कळा दाबल्या आणि म्हणाली, "माझं वाक्य काढून टाकलंय. त्यांनाही कळवते, जुनंच राहू दे म्हणून. आजोबा, चालेल ना?" परवानगी तिने आधी काम करून मग मागितली, हे मायवोरला फार आवडलं.

बाहेर शेजाऱ्यांच्या अंगणात दुसरं कुठलं तरी गाणं संपून पेले वाजले. ऑर्यान आपल्या कागदी टोपीचा रबर बोटाला गुंडाळत बसला. मग मान वर केली, आणि मायवोरने त्याच्या डोळ्यांत ती जुनी, ओळखीची चमक पाहिली. तिला वाटलं, देवा, आता हे नको.

"नोव्हेंबरात," तो सावकाश म्हणाला, "सुरुवात याने करता येईल. सगळे दिवे बंद. मी स्टेजवर एकटा. मी म्हणतो, हा उजेड माझ्या वडिलांचा आहे. मग पाच सेकंद शांतता, आणि..."

"ऑर्यान," मायवोर म्हणाली, "तुला बापाच्या मढ्यावरसुद्धा आधी स्वतःचा उजेड नीट पडलाय का ते बघायचं असतं. सांग. जरूर सांग. मी काही अडवणार नाही. पण पाच सेकंद मोजू नकोस."

हे त्याला लागलं. इतक्या वर्षांत तिचं बोलणं त्याला लागलेलं तिने प्रथमच पाहिलं, आणि त्याचा तिला वाटला होता तेवढा आनंद झाला नाही. त्याच्या हनुवटीखाली अजून लाळेरं बांधलेलं होतं, त्यावर लाल शेवंडाचं चित्र. त्याने ते काढायचा प्रयत्न केला. गाठ सुटेना, तसा तो प्रयत्न सोडून बसला.

"ते काय म्हणाले?" त्याने विचारलं. आवाज व्याख्यानाचा नव्हता. "तू विचारल्यावर. थंडी वाजतेय का म्हणून. काय म्हणाले पप्पा?"

"काही म्हणायच्या आत तू कट म्हणालास."

"हो. ओळ चुकली होती. म्हणून कट म्हटलं." तो आठवत होता, खरंच आठवत होता, हे त्याच्या कपाळावर दिसत होतं. "आपण दुसरी खेप घेतली. त्यात तुझी ओळ बरोबर होती. अगदी बरोबर. पण ती मी टाकून दिली, कारण तिच्यात उजेड मेलेला होता. भिंतीवर खिळ्याने ठोकल्यासारखा, जरासुद्धा हलत नव्हता. ओळ चुकलेली पत्करली, पण पहिलीच खेप ठेवली. ह्या उजेडासाठी. मग दुसऱ्या खेपेला काय झालं? पोरं परत आली होती का?"

"नाही. तेच होते."

"मग हात का नाही कापले?"

मायवोरने गुनिल्लाकडे पाहिलं, ओसाकडे पाहिलं. हे तिने सांगायचं ठरवलं नव्हतं. एवढं तरी त्याच्यापासून लपवून ठेवावं, असं पन्नास वर्षांच्या तिरस्कारातही तिने कुठेतरी ठरवलं होतं. पण त्याने विचारलं होतं, आणि आज प्रथमच तो उत्तराची वाट पाहत होता.

"पहिल्या खेपेनंतर तू ओरडला होतास," ती म्हणाली. "मागे वळून न बघता. 'त्या पत्रा धरणाऱ्या गाढवाला सांगा, हात हलवू नको.'"

"आणि?"

"आणि मालकांनी नाही हलू दिला."